वरच्या मजल्यावरची भाषा

सोलापुरात भवानी पेठेतल्या घरात मी पडले, तेव्हा नळाला पाणी आलेलं होतं. आमच्याकडे पाणी रोज येत नाही. आलं की पिंप, हंडे, बादल्या, मिळेल ते भरून ठेवायचं. मोरीत पाय घसरला आणि मी तिथंच पडून राहिले. हाक मारायलाही आवाज फुटेना. पाणी उंबऱ्याबाहेर वाहायला लागलं, म्हणून शेजारीण बघायला आली.

मुलगा पुण्याहून धावत आला. म्हणाला, "आई, महिनाभर मावशीकडे राहून बघ. आवडलं तर पुढचं ठरवू."

मावशी म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही तिला अक्का म्हणतो. यजमान गेल्यावर ती अक्कलकोट रस्त्यावरच्या ज्येष्ठांच्या वसाहतीत राहायला गेली होती. मला तिचं ते जाणं पटलं नव्हतं. पण गेले आणि खरं सांगायचं तर पहिल्याच दिवशी जीव निवांत झाला. मोरीत धरायला दांडा, पलंगाशेजारी घंटा, नळ उघडला की पाणी. दात नसलेल्यांसाठी भाकरी दुधात कुस्करून मिळायची. संध्याकाळी बाकावर गप्पांना माणसं. घरी मी चार-चार दिवस फोनशिवाय कोणाशी बोलत नव्हते.

दुपारी जेवायला बसताना अक्कानं माझा हात धरला. "तितं नको बसू. ती खुर्ची तिची हाय."

ती म्हणजे अक्काची मैत्रीण. तेलुगू विणकर घरातली बाई. घरचे माग बंद झाले, मुलं हैदराबादला गेली, आणि ही इथं आली. मी अक्काला भेटायला यायची तेव्हा ही बाई हमखास असायची. अस्सल सोलापुरी मराठी बोलायची आणि मोठ्यानं हसायची.

"कुठं गेल्या त्या?" मी विचारलं.

"वर."

मला वाटलं, गेल्या बिचाऱ्या. पण तसं नव्हतं. ज्यांना स्वतःचं स्वतः करता येत नाही, त्यांना वरच्या मजल्यावर ठेवत. तापातून उठल्यावर तिला वर नेलं होतं.

"तू भेटून आलीस?"

अक्कानं ताटातला घास फिरवला. "वर कुणी जात न्हाय."

मनाई नव्हती. जिना उघडा होता, लिफ्टही होती. तरी खालची माणसं बोलता बोलता त्या बाजूला आली की वळून जायची. दोन दिवसांनी जेवणाच्या खोलीतून ती खुर्ची हलवली. उरलेल्या खुर्च्या सरकवून जागा भरून घेतली. अक्कानंही आपली खुर्ची सरकवून घेतली.

मला राहवलं नाही. एका दुपारी मी वर गेले. मनात नाही नाही ते होतं, पण तसं काहीच दिसलं नाही. फरशी लखलखीत, चादरी धुतलेल्या, उजेड भरपूर. बाई खिडकीशी बसल्या होत्या, केस नीट विंचरलेले. मी समोर बसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "नीळ्ळू."

सेवेला असलेली बाई करमाळ्याकडची, हसतमुख. ती म्हणाली, "लई गुणाच्या हायेत. कायबी तरास न्हाय. दिसभर निळू निळू करत्यात. लेकाचं नाव असंल की."

विणकरांच्या शेजारात हयात गेलेली मी, एवढं तेलुगू मला कळत होतं.

"अहो, पाणी मागतायत त्या."

ती चपापली. "ठरल्या येळंला देतो की पाणी. औषधासंगं." ती धावत भांडं घेऊन आली. बाईंनी ते दोन्ही हातांनी धरून रिकामं केलं आणि परत पुढं केलं. त्यांची मराठी पार पुसून गेली होती. उरली होती ती लहानपणची भाषा, आणि त्या मजल्यावर ती कोणाला येत नव्हती.

मी व्यवस्थापकांना सांगितलं. भला माणूस. त्याला मनापासून वाईट वाटलं. त्यानं पाच-सात तेलुगू शब्द विचारून घेतले आणि कागदावर मोठ्या अक्षरात लिहून तो पलंगाजवळ लावला. पाणी, भूक, दुखतंय, थंडी. बाईंना पाणी मिळायला लागलं. पण मी जायची तेव्हा त्या लांबलचक काहीतरी सांगत असायच्या. त्यातला एकही शब्द कागदावर नसायचा.

महिना संपत आला, तेव्हा अक्का वाढणाऱ्या मुलीशी कन्नडमध्ये बोलली. आमची आई कन्नड, लहानपणी घरात तीच भाषा. मी हसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"अक्का, मराठीत सांग तिला."

अक्का माझ्याकडे बघत राहिली. "मराठीतच सांगतेय की."

संध्याकाळी बाकावर बसून ती म्हणाली, "मनीगी होगूण." घरी जाऊ या. कुठल्या घरी, ते मी विचारलं नाही. तिचं घर केव्हाच विकलं होतं, आणि माझ्या घरी जिना, हंडे आणि ती मोरी. तिला तिथं सांभाळणार कोण? मी? मीच अजून भिंत धरून चालत होते.

थोड्याच दिवसांत व्यवस्थापक म्हणाले, "ताई, अक्कांना आता वर हलवायला हवं. इथं त्यांना धोका आहे."

ते बरोबर बोलत होते. त्याचाच जास्त त्रास झाला.

मी मुलाला फोन केला आणि भवानी पेठेतलं घर बंद करायला सांगितलं. तो खूश झाला. म्हणाला, "बघ, आवडली ना जागा?"

मी हो म्हटलं.

अक्का आता वर असते, त्या बाईंच्या शेजारच्या खोलीत. मी खालच्या मजल्यावर राहते. सकाळी चहा झाला की वर जाते ती संध्याकाळी उतरते. तिला पाणी हवं, पाठ खाजते, आई अजून का आली नाही, हे सगळं मी सेवेच्या बायांना मराठीत सांगते. आईचं तेवढं सांगत नाही. दिवसभर तिच्याशी कन्नडमध्येच बोलावं लागतं, दुसरं तिला पोचत नाही.

परवा खाली जेवताना मी मीठ मागितलं. वाढणारी मुलगी वाडगा हातात घेऊन उभी राहिली.

"काय पायजे, आजी?" तिनं विचारलं.

मी पुन्हा सांगितलं, मराठीतच. ती तशीच उभी होती.