आईचा राहिलेला शेक

आईच्या पोटातल्या कॅन्सरवर गरम औषधाचा उपाय आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आईला तो लगेच पटला. आधी पोट उघडून गाठी काढायच्या, मग केमोचं औषध गरम करून पोटात फिरवायचं. "म्हंजी आतनं शेकच की," ती म्हणाली. आमच्या टाकवे गावात कुणाचंही पोट दुखलं की ओव्याची पुरचुंडी तव्यावर तापवून शेकणारी बाई ती, तिला पटणारच.

डॉक्टर पुढे म्हणाले, आजार फार पसरलेला दिसला तर काहीच न करता टाके घालावे लागतील. सगळं जमलं तर रात्र होईल. दुपारीच बाहेर आलो, तर समजून घ्या. आबा, माझे वडील, तेव्हा खाली चहाला गेले होते. परतताना लोकलमध्ये त्यांचा डोळा लागला. घोरावाडी स्टेशन गेल्यावर आई मला हळूच म्हणाली, "आबास्नी ह्यातलं काय सांगू नगंस."

ऑपरेशनच्या दिवशी तिला सकाळीच आत नेलं. आबांना एका जागी बसवेना. उजाडायच्या आत भाताच्या आवणीच्या चिखलात उतरणारा माणूस. काम लवकर उरकणं हाच त्यांच्या लेखी खरा गुण, आणि त्यात आईचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. मी मात्र वेळ लागू दे म्हणून देवाला विनवत होते. दार हललं की मी घड्याळ बघायचे.

दुपारी आबांनी भाकरीचं फडकं सोडलं, तेवढ्यात ऑपरेशन थिएटरचं दार उघडलं. डॉक्टरच होते.

आबा हात जोडून उठले, चेहरा नुसता फुलला होता. "लय लवकर उरकलं, डाक्टर." डॉक्टरांनी मला बाजूला नेऊन नकारार्थी मान हलवली. मला आबांचा भयंकर राग आला, आणि त्यांच्याकडे बघवेनाही.

आई शुद्धीवर आली तेव्हा खिडकीत ऊन होतं. ते ती बघत राहिली. आबा वाकून तिला लवकर उरकल्याचं सांगत होते. तिने माझ्याकडे पाहिलं. मला नजर चुकवायला जमलं नाही.

"व्हय," ती आबांना म्हणाली. "तुमी निघा आता. म्हशीची धार ऱ्हायलीय, उजेडात पोचाल."

आबा पिशवी उचलून खुशीत गेले. त्यांच्या चपलांचा आवाज थांबेपर्यंत ती दाराकडे बघत होती.

"शेक ऱ्हायलाच की गं माजा," ती म्हणाली.