रोमच्या विमानतळावर धरून ठेवलेली जागा

विमान रद्द होतं म्हणजे नेमकं काय होतं, हे मला आजही धड सांगता येणार नाही. एस.टी. रद्द झालेली मात्र मी शंभरदा पाहिली होती. गंगाखेडच्या स्टँडवर कंट्रोलर खिडकीतून डोकं काढायचा, "राणीसावरगाव गाडी कॅन्सल" म्हणायचा आणि डोकं आत घ्यायचा. अशा वेळी काय करायचं हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. हलायचं नाही. दुसरी गाडी कधी, कुठून लागेल याचा खुलासा कोणी करत नाही, आणि जो चहाला गेला तो मागं राहिला.

हे ज्ञान पदरी घेऊन मी सत्तरच्या दशकात रोमला अडकलो. इंग्लंडमधलं दोन वर्षांचं शिक्षण आटोपून एकटाच घरी निघालो होतो. रविवारी सकाळी अकराला धाकट्या बहिणीचं लग्न होतं. आई गेल्यावर हिनं सातवीतून शाळा सोडली, घरची चूल सांभाळली, म्हणून मी परभणीला बोर्डिंगात राहून शिकू शकलो. तिनं पत्रात एवढंच लिहिलं होतं, "दादा, तू आल्याबिगर मी हार घालणार न्हाई."

शुक्रवारी सकाळी रोमला विमान बदलायचं होतं. वेळांच्या फळ्यावर आमच्या विमानापुढची अक्षरं फडफडली, वेगळाच शब्द उमटला आणि लोक काउंटरकडे धावले. तिथल्या बाईंनी प्रत्येकाच्या हातात एक गुलाबी चिठ्ठी दिली. हॉटेल, जेवण, तिथवर न्यायला बस, सगळं फुकट! मी बुचकळ्यात पडलो. गाडी रद्द झाली म्हणून जेवू घालणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. यात नक्की काहीतरी गोम होती. रांगेतली एक गुजराती बाई हिंदीत म्हणाली, चला भाऊ, बस निघून जाईल. मी मानेनंच नको म्हटलं. मनात म्हटलं, जा बाई, खुशाल जेव. माझी जागा पक्की.

सगळे गेले. मी काउंटरसमोर हातातली बॅग मांडीवर घेऊन बसलो. लघवीला जायचं तरी दहादा विचार केला. दिसेल त्या गणवेशवाल्याला विचारायचो, "बॉम्बे?" कोणी घड्याळ दाखवायचा, कोणी खांदे उडवायचा. एकानं तर हसून माझी पाठ थोपटली. त्या थोपटण्याचा अर्थ मी तासभर लावत बसलो. ये म्हणाला की जा म्हणाला?

चारच्या सुमाराला काउंटरवरच्या बाई पर्स उचलून निघाल्या आणि त्यांना मी दिसलो. त्यांचा चेहराच उतरला. सावकाश इंग्रजीत त्यांनी सांगितलं, की दुसरं विमान शहरातल्या दुसऱ्या विमानतळावरून सुटलं. हॉटेलातून सगळ्यांना बसनं थेट तिकडं नेलं. तासापूर्वी गेलं. मी ते तीनदा वदवून घेतलं, तरी डोक्यात शिरेना. एका गावाला दोन विमानतळ? आणि मी इथंच बसलेलो असताना ते गेलंच कसं?

त्या विमानानं मी शनिवारी सकाळी मुंबईत आणि रविवारी सकाळी घरी असतो. मला दुसऱ्या दिवशीचं मिळालं. मुंबई, मनमाड, परभणी करत गावी, राणीसावरगावात पोचलो तेव्हा सोमवारची दुपार होती आणि मांडवाचे बांबू सोडणं चाललं होतं.

आम्ही बौद्ध. लग्न बुद्धवंदना म्हटली की लागतं, घटका बघून नाही. "आपल्यात मुहूर्ताची भानगड न्हाई, थांबू, म्हणलं मी," बाबा सांगू लागले. "चार वाजेस्तोवर थांबलो. नवऱ्याकडचे बोरीचे पाव्हणे लय भले, कुणी शब्द काढला न्हाई. शेवटी पोरगीच म्हणाली, लेकरं उपाशी हायत, उरकून घ्या." मग त्यांनी विचारलं, "इमान रद्द झालं, तर त्यायनी दुसरं लावलं न्हाई का?"

मी हातपाय धुतो म्हणून उठलो.

दुसऱ्या दिवशी बोरीला बहिणीच्या सासरी गेलो. तिनंच वाढलं. नव्या घरात ती अजून हळू आवाजात बोलत होती.

"तुझ्यासंगं लय माणसं आडकली आसतील ना, दादा?"

"हो."

"त्यायच्या घरी बी कुणी वाट बघत आसंल की. ती कवा पोचली?"

खरं सांगायचं म्हणून मी तोंड उघडलं.

"माझ्यासंगंच," मी म्हणालो.

तिचा चेहरा मोकळा झाला. "मग तुझा काय गुन्हा हाय त्यात," म्हणत तिनं ताटात आणखी एक भाकरी टाकली. मी लाजेनं मान वर न करता ती सगळी खाल्ली.