बी डिव्हिजनमधला झेंडेवाला

आमचा फुटबॉल क्लब बी डिव्हिजनमध्ये घसरला त्या संध्याकाळी शहागंजातल्या चहावाल्यानं आमच्यापुढं कप ठेवले आणि विचारलं, "अब तुमना आधाच कप देना पडता क्या?" सगळं हॉटेल हसलं. आमच्यातलं कुणी हसलं नाही. वीस-बावीस वर्षं आम्ही त्याच बाकावर बसत होतो, आणि दुसरा कुणी तिथं बसलेला असला तर आम्हाला पाहून मुकाट्यानं उठत होता. एवढा माज होता. मी कॅप्टन, म्हणजे माझा माज सगळ्यांत मोठा.

क्लब निजामाच्या अमदानीतला. पोलीस अ‍ॅक्शननंतर अर्धी टीम हैदराबादला गेली, दोघं-तिघं त्याहूनही लांब गेले. उरलेल्यांनी शाळांतली आणि कचेऱ्यांतली पोरं गोळा करून क्लब पुन्हा उभा केला. मी त्यांच्या पुढच्या खेपेतला. दिवसा सरकारी कचेरीत कारकून, संध्याकाळी सेंटर हाफ. आमचे अध्यक्ष हिमरू कापडाच्या मागांचे मालक होते, त्यांना आम्ही सेठ म्हणायचो. घसरल्यानंतर त्यांनी मला बोलावून उभ्या उभ्याच सांगितलं, "एक साल देता हूँ. बी डिव्हिजन के वास्ते मैं टीम नहीं रखता." एका हंगामात वर आलो नाही तर क्लब बंद. याचा अर्थ माझ्या घरात कुणाला समजला नसता. मला समजला, आणि त्या रात्री मी जेवलो नाही.

बी डिव्हिजनच्या मॅचेस सकाळी आठला, गावाबाहेरच्या मैदानावर. आमची पहिलीच मॅच मुकुंदवाडीच्या टीमशी होती. आम्ही पांढऱ्याशुभ्र जर्सी घालून पावणेआठला पोचलो आणि कडेला उभे राहिलो. वाट पाहत. कशाची, ते आम्हालाही धड ठाऊक नव्हतं. ए डिव्हिजनमध्ये मैदान आखलेलं असायचं, गोलला जाळी असायची, कोपऱ्यात झेंड्या असायच्या. ते कोण करतं याचा आम्ही जन्मात विचार केला नव्हता. इथं मुकुंदवाडीचे गडी घमेल्यातून चुन्याची फक्की सांडत रेघा ओढत होते. त्यांच्यातला एक हडकुळा, काळासावळा, पायात कॅनव्हासचे फाटके बूट घातलेला गडी माझ्याजवळ आला आणि घमेलं खाली ठेवून त्यानं चक्क वाकून नमस्कार केला.

"कॅप्टन, तुमची मॅच पाह्यला मी मुकुंदवाडीहून चालत यायचो. तुमी राहू द्या. आर्धं मैदान तुमचंय खरं, पण आमीच मारतो चुना."

म्हणजे अर्धं मैदान आम्ही आखायचं होतं! आमच्या गोलीनं, जो आमच्या सगळ्यांत जुना गडी होता आणि ज्याला आम्ही भाई म्हणायचो, माझ्याकडं पाहून कपाळाला हात लावला. मी तसाच उभा राहिलो. पडलो तरी नाक वर, ती आमची तऱ्हा.

त्या मॅचमध्ये त्या गड्यानं आमच्यावर गोल केला. तो त्यांचा सेंटर फॉरवर्ड होता आणि कॅप्टनही. त्याच्याकडं ताकद बेताची होती, हेडिंग तर यथातथाच. पण त्याला एक गोष्ट येत होती, आणि ती मी आमच्या ए डिव्हिजनमध्येही कुणात पाहिली नव्हती. फुटबॉलमध्ये मागून पास सुटतो त्या क्षणी पुढं धावणारा गडी समोरच्या बॅकला ओलांडून गेलेला असला, की ऑफसाइड होतो. लाइनवरचा माणूस झेंडा वर करतो आणि खेळ थांबतो. म्हणून चांगला फॉरवर्ड बॅकच्या अलीकडं दबा धरून बसतो आणि पास सुटल्याबरोबर निघतो. हा पठ्ठ्या पास देणाऱ्याचा पाय चेंडूला लागताना निघायचा. ना आधी, ना नंतर. मी त्याला नव्वद मिनिटं राखलं आणि एकदाही आधी निघताना पकडू शकलो नाही. कुणी शिकवलं असं विचारलं तर म्हणाला, "कुणी नाय. असंच."

मॅच एक-एक अशी सुटली. आम्ही बूट काढायला लागलो, तेवढ्यात रेफरी आला. निवृत्त ड्रिल मास्तर होता. "पुढच्या मॅचला दोन्ही टीमांनी एकेक लाइन्समन द्यायचा," तो म्हणाला. बी डिव्हिजनमध्ये तीच रीत होती. पहिल्या मॅचमध्ये खेळलेल्यांनी दुसऱ्या मॅचला झेंडा धरायचा. आमच्यातला एक तरुण ताडकन म्हणाला, "हम झेंडा पकडने नहीं आये." मास्तर शांतपणे म्हणाला, "मग मिळालेला पॉइंट गेला."

मी झेंडा घेतला. वेळूच्या काठीला बांधलेलं तांबडं फडकं होतं ते. रागानं घेतला, टीमवरच्या, मास्तरवरच्या, स्वतःवरच्या. दोन अनोळखी टीमांच्या मॅचला मी दीड तास रेघेवरून पळत राहिलो, आणि माझ्या कचेरीतला शिपाई पलीकडून ते बघत होता. लाज वाटली. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं.

पण त्यानंतर हंगामभर झेंडा मीच धरला. कॅप्टननं धरला की बाकीच्यांची तोंडं बंद. आणि हळूहळू मला ते काम आवडायलाही लागलं. आम्ही घरून चुना नेऊ लागलो, अर्धं मैदान आखू लागलो. बी डिव्हिजनमध्ये भांडणं फार. जाळी नसल्यामुळं चेंडू खांबाच्या आतून गेला की बाहेरून, यावर तासतास तंटा चालायचा. पण माझ्या बाजूच्या रेघेवर तंटा नसायचा. माझा झेंडा वर गेला की विषय संपला. आमच्याच पुढच्या प्रतिस्पर्ध्यांच्या बाजूनंही मी कितीदा तरी निर्णय दिले होते. लोक हे लक्षात ठेवतात. ए डिव्हिजनमध्ये मला मान होता तो क्लबचा. इथं प्रथमच माझा स्वतःचा असा मान मिळाला, आणि तो मला फार गोड लागला.

हंगामाच्या शेवटच्या सकाळी चित्र साधं होतं. वर एकच टीम जाणार होती. पहिली मॅच आमची होती, ती आम्ही जिंकली. दुसरी मुकुंदवाडीची. त्यांनी ती जिंकली तर ते वर, नाही तर आम्ही. आणि रीतीप्रमाणं त्या मॅचला झेंडा आमचा, म्हणजे माझा.

आज कुणाला सांगितलं तर पटणार नाही. मास्तरलाही ते खटकलं. त्यानं मुकुंदवाडीच्या कॅप्टनला, त्याच फॉरवर्डला, माझ्यादेखत विचारलं, "आज झेंड्याला दुसरा कुणी बघू का?"

तो म्हणाला, "कामून? ह्यांच्याइतका सरळ झेंडा कुणाचा हाय इथं? ह्यांनाच राहू द्या."

मला त्याचा अभिमान वाटला. मनात दुसरं काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. निदान मॅच सुरू होईस्तोवर नव्हतं.

मॅच शून्य-शून्य चालली होती. आमची सगळी टीम माझ्या मागं रेघेपलीकडं बसली होती, सेठही कधी नव्हे ते आले होते. शेवटची पाच-सात मिनिटं उरली असतील. मुकुंदवाडीच्या हाफनं पाय मागं नेला. फॉरवर्ड बॅकच्या अलीकडं होता, चांगला दीड पाऊल अलीकडं. मी अगदी रेषेत होतो, माझ्यासमोर कुणी नव्हतं, ऊन पाठीमागं होतं. चेंडू सुटला आणि तो सुटला. नेहमीसारखा. गोलीला चकवून त्यानं चेंडू आत सारला आणि दोन्ही हात वर करून तो वळला, तेव्हा माझा झेंडा वर होता.

हात आपोआप वर गेला, असं मी पुढं स्वतःला सांगत आलो. आपोआप काही जात नाही. मला सेठ दिसत होते, बंद झालेला क्लब दिसत होता, चहावाला दिसत होता. आणि मी झेंडा वर केला.

शिट्टी वाजली. मुकुंदवाडीचे गडी माझ्या अंगावर धावून आले. त्यांना अडवलं त्यानंच. सगळ्यांना मागं सारून तो माझ्यासमोर उभा राहिला. धाप लागली होती.

"कॅप्टन, व्हतो का मी पुढं?"

"होतास," मी म्हणालो.

"किती?"

"एक पाऊल."

त्यानं जमिनीकडं पाहिलं, जणू तिथं ते पाऊल उमटलेलं असणार. मग टीमकडं वळून म्हणाला, "चला रे. ते म्हंत्यात म्हंजी असंल." आणि खेळायला गेला. मॅच शून्य-शून्यच सुटली.

आम्हाला खांद्यावर घेऊन लोक शहागंजापर्यंत आले. चहावाल्यानं पैसे घेतले नाहीत. भाई मात्र मैदानावरूनच घरी गेला होता. तो रेघेपाशी, माझ्या पाठीशीच बसलेला होता.

पुढचं ऐकायला अधिक वाईट आहे. मोठ्या क्लबांची एक जुनी खोड असते, खालच्या टीमांतला चांगला गडी उचलायचा. वर गेल्यावर सेठ म्हणाले, "वो मुकुंदवाडीवाला लाओ." मी सायकलवर गेलो. मनात म्हटलं, चला, भरपाई होईल. मुकुंदवाडीतल्या त्याच्या घरी त्याच्या आईनं मला पाटावर बसवून भाकरी वाढली. आमची जर्सी त्यानं दोन्ही हातांनी घेतली. मला एवढं बरं वाटलं की येताना मी सायकलवर शीळ घालत होतो. निर्लज्जपणाला सीमा नसते.

ए डिव्हिजनच्या पहिल्या मॅचमध्ये मी त्याला मागून सुरेख पास दिला. तो निघालाच नाही. चेंडू पुढं गेला, बॅकनं काढून घेतला. दुसऱ्या वेळीही तेच. पास सुटताना तो आधी लाइन्समनकडं बघायचा, मग पावलाकडं, मग निघायचा. तोवर सगळं संपलेलं. मी ओरडलो, "अरे, थांबतोस कशाला?"

"पुढं जातो ना मी," तो म्हणाला. "माज्या ध्यानातच येत नव्हतं इतकी वर्सं. तुमीच दाखवलं. आता एक पाऊल मागं धरून निघतो."

सहा मॅचेस तो तसाच खेळला. प्रेक्षक हुर्यो उडवू लागले. भाई त्या वर्षी खेळत नव्हता, गुडघ्याचं कारण सांगून त्यानं क्लब सोडला होता, पण मॅचला यायचा. एकदा त्यानं मला गाठलं. इकडंतिकडं न बघता म्हणाला, "बिगाडे सो तुम. अब बोलो बी तुमिच."

"काय बोलू?" मी विचारलं.

"चोर के सामने चोरी का मतलब क्या बोलना," म्हणाला आणि निघून गेला.

सांगणं अवघड होतं असं नाही. एक वाक्य होतं. पण ते सांगितलं की मुकुंदवाडीला कळणार, मास्तरला कळणार, आम्हाला वर यायचा हक्कच नव्हता हे गावाला कळणार. आणि माझ्या सरळ झेंड्याचं काय? क्लबसाठी मी गप्प राहिलो, असं म्हणायला बरं वाटतं. खरं म्हणजे मी त्या मानासाठी गप्प राहिलो.

सेठनी त्याला काढायला सांगितलं. मी त्याला निरोप दिला नाही, फक्त यादीत नाव लिहिलं नाही. दोन रविवार तो बूट घेऊन आला आणि कडेला बसून परत गेला. तिसऱ्या रविवारी सकाळी तो माझ्या घरी आला. जर्सी धुऊन, इस्त्री करून, वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती. बायकोनं आतून सांगितलं, चहा ठेवलाय, त्यांना जाऊ देऊ नका. तो खुर्चीच्या कडेला बसला.

"टीममधी आता जात नाय," तो म्हणाला. "मुकुंदवाडीच्या बी नाय. चिकलठाण्याला कारखान्यात कामाला लागलो, वखत भेटत नाय." मग म्हणाला, "पण तुमी वाईट वाटून घेऊ नका. तुमचं काय चुकलं त्यात? तुमी त्या दिशी झेंडा उचलला नसता तर मला जल्मात कळलं नसतं, मी कुठं चुकतो ते. बाकीचे गोड बोलले. तुमी खरं बोलले."

मी त्याला चिकलठाण्याला पाळी कुठली असते ते विचारलं. जायला सायकल बरी पडते की बस, ते विचारलं. त्यानं चहा बशीत ओतून प्यायला, कपबशी स्वतः आत नेऊन ठेवली, आणि वाकून नमस्कार केला. मी जर्सीचं पुडकं हातात घेऊन दारात आलो.

त्यानं सायकलवर टांग मारली. आमची गल्ली लांब आहे, सरळ आहे, आणि रविवारी सकाळी तिथं शुकशुकाट असतो. टोकाशी तो वळेपर्यंत मी हाक मारली असती तरी त्याला ऐकू गेली असती.