डाव्या हाताचं सारवण

घाटात नोकरी करणाऱ्या माणसाला भुताच्या गोष्टी नव्याने सांगाव्या लागत नाहीत. आमच्या लाईनीवर प्रत्येक बोगद्याला एकेक बाई ठरलेली आहे – कुठे पांढऱ्या लुगड्यातली, कुठे कंदील घेतलेली. फायरमन लोक शपथेवर सांगतात, आणि मी मालधक्क्यावरच्या माझ्या खुर्चीत बसून त्यांना विचारत आलो, "तिकीट काढलं होतं का रे तिने?" माझा स्वभावच तसा आहे. जे हाताला लागत नाही ते मी मानत नाही.

पण जे लिहायला बसलो आहे ते हाताला लागलं होतं. ओलं होतं, आणि त्याला शेणाचा वास होता... ते आठवलं की मला भीती वाटत नाही, लाज वाटते. म्हणून सहा-सात वर्षं गप्प राहिलो.

मुंबईत गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, सुरू झाला ते वर्ष. तिथली माणसं बिऱ्हाडं पाठीवर घेऊन मिळेल त्या गाडीने कर्जतला उतरू लागली. इथली हवा चांगली, नदी जवळ, आणि मुख्य म्हणजे दिवसातून चार गाड्या. महिन्याभरात कर्जतात गुरांच्या गोठ्यालासुद्धा भाडेकरू मिळाला. भाडी दुप्पट झाली, मग त्याहून वर गेली. आम्ही स्टेशनापलीकडे एका खोलीत चार वर्षं राहत होतो. घरमालक एके सकाळी हात जोडून आला. हात जोडले की समजावं, काहीतरी वाईट ऐकायचं आहे. मुंबईचा कापडवाला सहा महिन्यांचं भाडं एकदम देत होता. आम्हाला पुढल्या महिनाअखेरची मुदत मिळाली.

माझी बायको यशोदा तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. तिचं माहेर कल्याणला, आणि तिथेही रोगाचे उंदीर पडायला लागलेले. मी भिसेगाव पाहिलं, मुद्रे पाहिलं, पूल ओलांडून दहिवलीला गेलो. खोली असली तरी पहिला प्रश्न एकच – "घरात बाळंतपण आहे का?" आहे म्हटलं की कडी लागायची. दुसऱ्याच्या घरचा विटाळ फुकट कोण घेणार? एका ठिकाणी तर मी यशोदेला अंगणाबाहेर उभी केली आणि तिचा पदर नीट पुढे ओढून घ्यायला सांगितलं. तेवढी लाज पुरली नाही, पुढे आणखी मोठी यायची होती.

धक्क्याकडे जायच्या माझ्या वाटेवर एका शेठच्या मालकीचं दोन खोल्यांचं कौलारू घर होतं. त्यात सगुणाबाई आणि तिचा नवरा जुन्या भाड्याने राहत. तो ठाकुरवाडीकडे रूळ टाकायच्या टोळीत, आठवड्याने घरी यायचा. ती इंजिनवाल्यांना भाकऱ्या करून द्यायची. सकाळी सातला मी जाताना बाई ओटी सारवत असायची – डाव्या हाताने. मी एकदा चेष्टा केली, "सगुणाबाई, देव उलटा येईल हो घरात!" ती हसली. "येऊं दे की मास्तर. सुलटा येऊन तरी काय दिलंय त्यानं?"

त्या घरावर माझा डोळा होता. दुसरं काही म्हणण्यात अर्थ नाही.

तपासणीची सरकारी माणसं धक्क्यावर धान्याच्या गोण्या बघायला यायची. एका दुपारी त्यांच्यातल्या कारकुनाला मी, दौतीत टाक बुडवता बुडवता, सांगितलं की त्या घरामागे मेलेला उंदीर पाहिला. एवढंच एक वाक्य. आवाजसुद्धा चढवला नाही. उंदीर पडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणाबाईने मला हाक मारली. हात शेणाचे, तसेच कोपरापर्यंत वर धरलेले. म्हणाली, "मास्तर, वैनींला जागा मिळाली का? नसंल तर आमची मागली खोली घ्या. बाळंतपण काय, बाईच्या जातीचं असतंच. भाड्याचं मागनं बघू."

मी "बघतो" म्हणालो आणि धक्क्यावर गेलो. तो कारकून अकरा वाजता धक्क्यावरून त्या घराकडे निघाला. त्याला थांबवायला माझ्याकडे चार तास होते, आणि मी पावत्या लिहीत बसलो. मागली खोली मला नको होती, सबंध घर हवं होतं.

दुपारी त्यांनी अंथरुणं जाळली, कौलं उतरवली, भिंतींना चुना मारला, जमिनीवर औषधाचं पाणी ओतलं. नवरा नेमका त्या दिवशी घरी होता; दोघांना माळावर, रोगाच्या घरच्यांना वेगळं ठेवायला बांधलेल्या झोपड्यांत नेलं. ती धक्क्यावरून जाताना माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाली, "उंदीर पडला म्हनत्यात मास्तर. मला तर नाय दिसला."

पुढे महिनाभर ते घर रिकामं राहिलं. रोगाच्या घरात मुंबईवालेही पाऊल टाकीनात. शेठने कौलं पुन्हा चढवून निम्म्या भाड्याची बोली केली. मी दोन दिवस आढेवेढे घेतले आणि मग उपकार केल्यासारखा हो म्हणालो. त्या घरात रोग नाही हे सबंध कर्जतात एका माणसालाच ठाऊक होतं ना!

राहायला गेल्यावर तिसऱ्या सकाळी यशोदा म्हणाली, "अहो, मागची खोली तुम्ही कुणाकडून सारवून घेतली?" मी जाऊन पाहिलं. जमीन ओली होती, बोटांच्या रेषा उठलेल्या. मला वाटलं, शेजारणीने अवघडलेली बाई म्हणून केलं असेल. विचारलं तर ती रोगाच्या भीतीने आमच्या अंगणातसुद्धा येत नव्हती.

चौथ्या दिवशी तेच, पाचव्याही. औषधाचं पाणी जमिनीतून वर येत असेल असा मी तर्क केला. पण पाण्याला शेणाचा वास कसा येईल? आमच्याकडे गाय नाही, घरात शेणाची पाटीही नाही. मग मागच्या दाराला आतून कडी घालून तिच्यावर पाटा टेकवला. झोपताना जमिनीवर भाताचा तूस पसरला, मधल्या दारात आडवी खाट टाकून तिच्यावर झोपलो. सकाळी पाटा जागच्या जागी. तूस मात्र झाडून कोपऱ्यात नीट ढीग घातलेला, आणि जमीन सारवलेली.

यशोदा उकिडवी बसून बराच वेळ त्या रेषांकडे पाहत होती. मग तिने आपला उजवा हात त्यांवरून फिरवून पाहिला. "हे उलटे आहेत," ती म्हणाली. "डाव्या हाताचे आहेत. अहो... तुम्ही सांगायचात ती सगुणाबाई गेली का हो?"

झोपड्यांत खरंच ताप शिरून माणसं मेली होती, हे ऐकून होतो. माळावर चौकशी केली. ती दोघं जिवंत बाहेर पडली आणि चौक गावाकडे गेली, एवढं समजलं. माझा जीव भांड्यात पडला असं म्हणवत नाही. मेली असती तर निदान भूत म्हणता आलं असतं.

रविवारी सकाळी दहाला निघून दुपारी चालत चौक गाठलं. सगळं सांगून टाकायचं असं वाटभर घोकत होतो. हमरस्त्यालगत एका गोठ्याच्या पडवीत ती राहत होती. तीन बाजूंना कुडाची भिंत, चौथी बाजू उघडी. नवरा खडी फोडायला गेलेला. तिने मला गोणपाट टाकून दिलं, गूळ-पाणी पुढे केलं, डाव्या हाताने, आणि चटकन हात बदलून उजवा केला.

"परत कर्जतला का येत नाही?" मी विचारलं.

"रोगाच्या घरची मानसं आमी. कोन जागा देतंय? हितंबी कर्जतचं नाव काढलं नाय, म्हनून हा गोठा तरी मिळाला." मग हात उताणे करून पाहत म्हणाली, "येक सांगू का मास्तर? हसू नका. पहाटे उठते तर हात वले असत्यात. शेनाचे. आन् हितं सारवायला भुई कुटं हाय? सगळा मुरूम."

मी हसलो नाही.

"मागल्या खोलीत चुलीपाशी येक भेग पडती," ती म्हणाली. "दरसाल पडती. तेवढी बुजवा. बाळ रांगाया लागलं म्हंजे पायाला लागंल."

मी त्या घरात राहतो हे तिला मी सांगितलं नव्हतं. रोगाच्या भीतीने चौकात कर्जतचं कुणी येत नव्हतं आणि तिने तर कर्जतचं नावच लपवलेलं. विचारायला तोंड उघडलं, पण नजर वर होईना. ती रागावली असती तर मी बोलू शकलो असतो, असं मला आजही वाटतं. "बुजवतो," म्हणालो. गूळ-पाणी पिऊन टाकलं. आणि निघालो. उंदीर पडला नव्हता, एवढे तीन शब्द मी शेठला, तपासणीवाल्यांना, चार लोकांत बोललो असतो तर त्या दोघांना कुठेही खोली मिळाली असती. पण मग मला खोली कुणी दिली असती?

वाटेत नदीकाठची चिकणमाती फडक्यात बांधून घेतली. घरी पोचलो तर यशोदा दारातच उभी. सांगू लागली, दुपारी अंगणात भांडी घासत होते, आत आले तर चुलीपाशी... मी जाऊन पाहिलं. तिथे वीतभर लांबीची भेग असावी, कारण तेवढ्या लांबीचा ताजा लेप होता. ओला. त्यावर चार बोटं दाबल्याचे ठसे. मी माझा डावा हात त्यांवर ठेवला, तर ठसे लहान होते, पण बोटाला बोट लागलं. त्या दुपारी सगुणाबाई तीन-चार कोसांवर माझ्यासमोर बसलेली होती.

त्या दिवसानंतर ती जमीन पुन्हा कधी आपोआप सारवली गेली नाही. माझी मुलगी तिथेच जन्मली, तिथेच रांगली, पायाला काही लागलं नाही. पुढे मला रेल्वेची खोली मिळाली आणि शेठने ते घर मुंबईच्या एका कुटुंबाला तिप्पट भाड्याने दिलं. तोवर रोगाची भीती लोक विसरले होते.

हे काय होतं, मला सांगता येत नाही. कुणी विद्वान सांगू शकत असेल तर जरूर सांगावं. जे मला सांगता येत होतं ते मात्र मी सांगितलं नाही. सगुणाबाईला वाचता येत नाही, आणि हे लिहायचा धीर मला त्यामुळेच झाला, हेही कबूल करतो. चौकात या मासिकाचा हा अंक कुणाकडे येत असेल तर हमरस्त्यालगतच्या गोठ्यात जाऊन तिला वाचून दाखवा... हे वाक्य मी दोनदा लिहून दोनदा खोडलं होतं. या वेळी ठेवतो आहे.