थंडीची काडतुसं

लग्न होऊन मी आखातात, खोर फक्कानला आले तेव्हा तिथं वीज नव्हती, नळ नव्हता. विहिरीचं पाणी मचूळ. समुद्र तेवढा रत्नागिरीसारखा. रडून काय होणार, कामाला लागले. आमचे हे एका म्हाताऱ्या अरबाकडे होड्यांची इंजिनं आणि बंदुका दुरुस्त करायचे. त्याला आम्ही अरबाब म्हणायचो, म्हणजे मालक. राहायची खोलीही त्याचीच.

अरबाब डोंगरात रानबकऱ्यांच्या शिकारीला जायचा. नवी काडतुसं बोटीनं कधीतरी यायची. म्हणून उडवलेल्या काडतुसांच्या पितळी नळ्या तो जपून आणायचा आणि हे त्यात परत दारू-गोळी भरून द्यायचे. सोनाराचा काटा घेऊन बसायचे. मला म्हणायचे, "पंखा नको हलवू गो, दारू उडते." घाम पुसायला मात्र मलाच हाक.

यांचं म्हणणं, बंदुकीची दारू माणसासारखी. थंडीत आळशी, उन्हात तापट. हिवाळ्यात पहाटे गोळी खाली पडते म्हणून अरबाब कुरकुरला, तेव्हा यांनी त्या खेपेला दारू जराशी वाढवली. त्यातली उरलेली काडतुसं कागदात बांधून वर पेन्सिलीनं काहीतरी लिहून ठेवलं. मला अक्षर येत नाही, हे ते कामाच्या नादात विसरले.

उन्हाळ्यात हवा अशी दमट की कागद ओले झाले. पितळेला हिरवं चढेल म्हणून मी सगळी पुडकी सोडली, काडतुसं पुसली, एकाच डब्यात भरली. कागद चुलीत घातले. तो डबा अरबाब सकाळी गाडीत टाकून गेला.

दुपारी हे जेवायला बसले. फळीकडे बघून म्हणाले, "थंडीचं पुडकं कुठाय?"

मी सांगितलं. यांनी हातातला घास खाली ठेवला.

"डबा उन्हात तापत असेल. त्यातलं थंडीचं काडतूस उडवलं तर बंदूक अरबाबच्या तोंडावर फुटायची."

बोडक्यानंच निघाले, चालत, डोंगराकडे. मी पाणी आणि रुमाल घेऊन मागे धावले. "तू आत जा," एवढंच बोलले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एका माणसाचा जीव माझ्या हातून जातो की काय, हेच डोक्यात. भात तसाच राहिला.

दुपार कलली, असरच्या अजानला गाडी आली, हेही तिच्यातच. अरबाब जिवंत होता. गाल सुजून काळानिळा. एकच गोळी मारली होती त्यानं. बंदुकीनं असा धक्का दिला की तो मागे पडला. काडतुसाची पितळी नळी आत चिकटून बसली, बंदुकीचा मागचा बोल्ट दगडानं ठोकून उघडावा लागला. मग घाबरून सावलीत बसून राहिला होता.

हे त्याच्यासमोर मान खाली घालून म्हणाले, "गलती मेरा है, अरबाब."

मी पडद्यामागून बाहेर आले. "कागज मैंने जलाया," म्हटलं.

अरबाबनं दोघांकडे पाहिलं. सुजलेला गाल धरून म्हणाला, "दोनों का गलती? फिर मैं किसको निकालूँ?" मग यांना म्हणाला, "खलास. आज से पहला गोली तू मारेगा. दोपहर में, मेरे सामने."

आत आल्यावर हे मला म्हणाले, "बाहेर कशाला आलीस?"

"तुम्ही खोटं कशाला बोललात?"

यांनी थंड भात दोनदा मागून खाल्ला.

तेव्हापासून दर खेपेला काडतुसं भरली की दुपारच्या उन्हात हे घरामागच्या खडकाकडे जायचे, अरबाब मागे उभा. मी दारात. बार झाला की हे तिथूनच ओरडायचे, "मी आहे गो."

मग मी तव्यावर भाकरी टाकायची.