काचेवरचं नाव

आज गाडीच्या मागच्या काचेवरचं दहा वर्षांपूर्वीचं स्टिकर काढायला बसले. आधी कोमट पाणी, मग खोबरेल. त्या वासानं दिग्रसचं अंगण आठवलं.

लग्नानंतर मांडवपरतणीला माहेरी आले होते. वरातीला शेजाऱ्यांची गाडी मागून आणलेली. ती परत द्यायची म्हणून बाबा काचेवर चिकटवलेली आमची नावं काढत होते. ह्यांचं नाव केव्हाच निघालं होतं. माझ्या नावावर मात्र तेलाचं फडकं फिरतच होतं.

"बाबा, जेवून घ्या ना. कायले एवढा वेळ?"

"तुयं नाव निघूनच नाही राह्यलं," मान न वळवता ते म्हणाले.

आज माझं स्टिकर पाच मिनिटांत सुटलं, डिंकासकट. वरातीच्या गाडीवरचं तर दोनच दिवसांचं होतं. मग बाबा दुपारभर करत काय होते?