रेनोने रचलेला ढीग

रेनो नीमेलाने रचलेल्या ढिगात पाणी शिरत नसे. झाडं पाडून ओंडके गाडीवर गेले की मागे शेंडे आणि फांद्या उरतात. त्यांचे ढीग बर्फाआधी घालायचे आणि बर्फ साचल्यावर जाळायचे, म्हणजे आग जंगलात पळत नाही. आम्ही बाकीचे लाकूडतोडे फांद्या लोटून मोकळे व्हायचो. रेनो रचायचा. खाली जाड बुंधे आडवे-उभे, त्यावर फांद्या, वर स्प्रूसच्या सूचिपर्णी झाडांचे शेंडे छपरासारखे उतरते. आत कोरडी पोकळी राहायची आणि ढीग एका काडीत पेटायचा. ज्याने रचला त्यानेच पेटवायचा, असा टोळीचा रिवाज. मी त्याच्याबरोबर अर्धं आयुष्य करवत चालवली. त्याचं काम दुसऱ्याला निस्तरावं लागलेलं पाहिलं नाही.

स्वभाव मात्र अवघड. त्याची बहीण लेम्पी ही आर्ने सालमेलाची बायको. आर्नेच्या दलदलीच्या रानात काळ्या अस्वलाची एक मादी बऱ्याच हिवाळ्यांपासून झोपायला यायची. तिच्या गळ्यात रेडिओचा पट्टा होता. तो मार्गिट सोल्बर्ग या बाईंनी घातलेला. सहा महिने अन्नपाण्याशिवाय पडून राहूनही अस्वलाची हाडं कशी झिजत नाहीत, पिल्लं झोपेतच कशी होतात, याचा त्या अभ्यास करायच्या. मार्चमध्ये मादीला गुंगीचं औषध टोचून त्या पट्टा बदलत. तेवढा वेळ पिल्लं गारठू नयेत म्हणून गावातली माणसं ती कोटात घेऊन उभी राहत. शाळेची मुलं येत, शिकारीही येत. पिल्लू एकदा छातीशी धरलेला शिकारी सप्टेंबरात गळ्यात पट्टा असलेल्या अस्वलावर बंदूक उचलत नाही, असा बाईंचा हिशेब. आर्ने स्वतः शिकारी. त्याला तो पटला होता.

रेनोला पटला नाही. गावाच्या मार्चच्या सभेत उठून तो म्हणाला की आर्नेने रानाची सर्कस केली आहे, आणि आज अस्वलांचे लाड करणारे उद्या आपल्या करवती बंद पाडतील. निम्म्या सभेने टाळ्या वाजवल्या. त्या आठवड्यापासून रेनो शनिवारी त्याच्या सौनाला, म्हणजे वाफेच्या न्हाणीला, गेला नाही. बहिणीच्या घरची वाफ सोडली, म्हणजे घरच सोडलं. असे दोन हिवाळे गेले.

तिसऱ्या फेब्रुवारीत, एका शनिवारी अर्ध्या दिवसाच्या कामाला आम्ही दोघेच होतो. रेनोने वाऱ्याची बाजू बघून ढिगावर डिझेल ओतलं आणि काडी लावली. ढीग नेहमीसारखा झटकन पेटला. मग दुसऱ्या बाजूने बर्फ फुटला आणि आतल्या पोकळीत झोपलेली अस्वलाची मादी बाहेर आली, दुसरीच, गळ्यात पट्टा नसलेली. आमच्याकडे तिने पाहिलंही नाही. ती सरळ झाडीत गेली.

मी हसणार होतो, तेवढ्यात ढिगातून रडणं ऐकू आलं. लहान मूल रडतं तसंच.

रेनोने लांब दांड्याच्या लोखंडी आकडीने पेटत्या फांद्या ओढायला सुरुवात केली. मग आकडी टाकून हातांनी. तो कमरेपर्यंत आत गेला, मी त्याचे बूट धरले. दोन पिल्लं निघाली, डोळे जेमतेम उघडलेली. ती त्याने सदऱ्याच्या आत, अंगाला लावून घेतली. गाडीत बसून आम्ही वाट पाहिली. मादी परतली नाही. ढीग रचणाऱ्याने नीट रचला होता, तो पार खालपर्यंत जळला.

गाडी मी चालवली. पेट्रोल पंपावरून बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या की जळलेल्या जागी ती आता येणार नाही. हिवाळ्यात झोपेत असलेली दूधवाली मादी परकं पिल्लू बहुधा घेते, आणि जवळची तशी मादी आर्नेच्या रानातली. पण मार्चआधी तिला हलवलं आणि ती बिथरून पळाली, तर तिची स्वतःची पिल्लं जातील. बाईंनी आर्नेला शब्द दिला होता की ठरल्या दिवसाआधी रानात पाऊल टाकायचं नाही. "मी निघते आहे," त्या म्हणाल्या. "त्याला तुम्ही विचारा."

मी हे रेनोला सांगितलं. त्याने सदऱ्यात हात घालून चाचपलं. मग म्हणाला, "एक थंड पडलंय." मेलेलं त्याने बाहेर काढलं नाही.

आर्ने सौनात होता. लेम्पीने दार उघडलं, भावाचे भाजलेले हात पाहिले, सदऱ्यात पाहिलं, आणि जिवंत पिल्लू काढून घेऊन चुलीच्या उघड्या भट्टीसमोर टॉवेलात ठेवलं. नवऱ्याला बाहेर बोलाव म्हणून रेनोने तिला सांगितलं. ती म्हणाली की जवळपास तीन वर्षांनी आला आहेस, तर आत जाऊन बोल.

सौनात कपड्यांनिशी जात नाहीत आणि भांडतही नाहीत. आम्ही कपडे काढून आत गेलो. आर्ने वरच्या बाकावर बसला होता. त्याने खाली सरकून जागा केली नाही. रेनो खालच्या बाकावर बसला आणि मोजक्या शब्दांत झालं ते सांगितलं.

आर्नेने दगडांवर पाणी टाकलं. वाफ उठली आणि रेनोने भाजलेले हात काखेत घेतले.

"हात भाजलेत, आणि वाफेला येतोस?" आर्ने म्हणाला. "अक्कल तेवढीच राहिली म्हणायची."

"हो का नाही, ते सांग."

"माझ्या मादीची पिल्लं गेली तर? ती तुझ्या बापाने भरून द्यायची?"

"मला ठाऊक आहे काय मागतोय ते."

"सर्कसमध्ये आलायस बघ, रेनो. तिकीट पडेल."

"बोल."

"सभेत उठायचं. मागच्या वेळी उठलास त्याच जागी. जे केलंस ते सांगायचं, माझं नाव न घेता."

रेनो खाली बघत बसला. मला वाटलं, उठून जाईल. तो म्हणाला, "सांगेन. आता कपडे घाल."

मार्गिटबाई पोचल्या तेव्हा उजेड थोडाच उरला होता. त्यांनी पिल्लाचे चार केस उपटून पुडीत ठेवले आणि त्याच्या अंगाला सर्दीचं मलम चोळलं, म्हणजे माणसाचा आणि धुराचा वास दबेल. उन्मळलेल्या झाडाच्या मुळांखाली बीळ होतं. त्या पोटावर सरपटत गेल्या. आम्ही लांब थांबलो. त्या आल्या तेव्हा म्हणाल्या की मादीने डोकं उचललं, हुंगलं आणि पुन्हा टेकलं. दूध पिताना पिल्लं मोटारीसारखी गुरगुरतात. त्यांनी कान लावून ऐकलं होतं. गुरगुर तीन पिल्लांची वाटली, तिची दोन आणि हे एक, पण खात्री नाही, असं म्हणाल्या.

मार्चच्या सभेत रेनो हातांना पट्ट्या बांधून उभा राहिला. म्हणाला, "मी अस्वल जाळून हुसकावलं. दोन पिल्लं होती. एक माझ्या सदऱ्यात मेलं. ढीग पेटवायच्या आधी भोवती फिरा. आत अस्वल असेल तर श्वासाने बर्फाला भोक पडतं, काठावर पिवळट दव गोठतं. एवढंच."

मागून कोणीतरी विचारलं की आता अस्वलाची सही घ्यायची का. सभा हसली. रेनो हसला नाही. "फेरी मारायला एक सिगरेट ओढायला लागते तेवढा वेळ जातो. तू दिवसाला वीस ओढतोस," तो म्हणाला आणि बसला. बरेच लोक फेरी मारायला लागले, काही नाही.

पुढच्या हिवाळ्यात बाईंनी बीळ उघडलं तेव्हा आईजवळ तिनांपैकी दोनच पिल्लं होती, वर्षाची झालेली. पुडीतल्या केसांशी ताडून पाहायला त्यांनी दोघांचं रक्त घेतलं. उन्हाळ्यात निकाल सांगायला त्या आमच्या कामावर आल्या. रेनोचं पिल्लू जगलं होतं. गेलेलं, ते मादीचं स्वतःचं.

मी त्याची पाठ थोपटली. त्याने माझा हात बाजूला केला.

"म्हणजे तिचं एक माझ्यामुळे गेलं."

बाई म्हणाल्या की पहिल्या वर्षात पिल्लं मरतातच, तीन असोत की दोन. कारण सांगता येणार नाही.

"नाही ना सांगता येत?" रेनो म्हणाला. "मग माझ्यामुळे नाही, हेही सांगता येत नाही."

गावात गोष्ट एक पिल्लू वाचल्याची म्हणून फिरली, शाळेत मुलांना सांगितली गेली. बाईंच्या कामाला माणसं आणखी जोडली गेली. रेनोला कोणी ती सांगायला लावली, तर तो दोन मेली असंच सांगायचा. मग उरलेले ढीग तपासायला निघून जायचा.